जंतू मारणारा मळ

ती दुधाचाही वास प्रयोगशाळेतल्यासारखा घ्यायची, भांड्यावरून हातानं वारा घालून. चहा उभ्यानं प्यायची. कुणी घाई केली की मुद्दाम सावकाश चालायची.

आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती औषधांसाठी नवी संयुगं बनवायची. तिच्या एका संयुगानं जंतू मारले, सगळे खूश झाले. तिनं ते आणखी शुद्ध केलं, तर जंतू मरेनात.

"पहिला निकाल छाप आणि मोकळी हो," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

"सर, जंतू मारतेय ती त्यातली अशुद्धी. मळ म्हणा हवं तर. मी त्याची रचना शोधते."

"मळावर पदवी मिळत नाही, बाई."

"मग राहू दे तुमची पदवी."

सरांनी तिला प्रकल्पातून काढलं. ती तरीही रोज प्रयोगशाळेत जायची. "हाताला धरून बाहेर काढू देत," म्हणायची.

परवा तिथंच तिचं हृदय थांबलं. मला अजून खरं वाटत नाही.

आज तिचं सामान आणायला गेले. पांढऱ्या भुकटीनं भरलेली काचेची नळी स्टँडला तशीच होती. त्यातून मळाचा पिवळा पट्टा खाली उतरवून ती तो वेगळा पकडणार होती. पट्टा अर्ध्यावर थांबला आहे.