एका फेरीचं परमिट

या जगात लेखी परवानगीशिवाय करण्याजोगी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे काळजी, असं आमच्या भाऊजींचं ठाम मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोराडीच्या वीज केंद्रात परमिट देण्याच्या टेबलावर त्यांनी चौतीस वर्षं काढली. तिथला रिवाज असा, की कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी परमिट घ्यायचं, यंत्र बंद करून त्यावर लाल पाटी टांगायची, काम झालं की माणसं आणि अवजारं मोजून बाहेर काढायची आणि परमिट परत करून बंद करायचं. परमिट देणारा एक, घेणारा दुसरा. पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. भाऊजी निवृत्त झाले आणि हा सगळा रिवाज मानेवाड्याच्या घरी घेऊन आले. सोबत कोऱ्या परमिटांचं अर्धं पुस्तकही होतं, पण तेसुद्धा रीतसर अर्ज करून, त्यावर ‘निकामी’ असा शेरा मिळवून आणलेलं.

एकदा ताईचा मिक्सर घरघरायला लागला. भाऊजींनी त्याला लाल पाटी टांगली आणि तपासणी अर्ध्यावर सोडून कामठीला पुतणीच्या लग्नाला निघून गेले. दोन दिवस ताई पाटा-वरवंट्यावर चटणी वाटत होती. मी पाटी काढायला हात पुढे केला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. “त्यायनं लावली हाये, तेच काढतीन,” म्हणाली. जत्रेत फुगे फोडायच्या दुकानासमोर आम्ही उभे राहिलो, तेव्हा भाऊजींनी छऱ्याची बंदूक हातात घेण्याआधी दुकानदाराला तिचे कागद विचारले. तो बिचारा इतका घाबरला की त्याने दोन फुगे फुकट देऊ केले. भाऊजींनी तेही घेतले नाहीत, कारण पावती नव्हती. बल्ब बदलायचा असला तरी स्टूल धरणारा, बटणापाशी उभा राहणारा आणि प्रत्यक्ष बदलणारा अशी तीन माणसं त्यांना लागतात. म्हणून आम्ही पाहुणे गेलो की त्यांच्याकडे हमखास बल्ब बदलला जातो.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, तोवर ताईला काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कडेची नजर गेली ती गेली, मधली जितकी टिकेल तितकी टिकवू, असं म्हणाले. कुहीच्या पलीकडे आमचं गाव आहे आणि गावाला मोठा तलाव आहे. लहानपणी बाबा ताईला मासे धरणाऱ्या ढिवरांच्या लाकडी डोंग्यात बसवून पार कमळांपर्यंत न्यायचे. मी पाण्याला भिणारा, कधी बसलो नाही. दवाखान्यातून परतताना ऑटोत ताई एवढंच म्हणाली, “एकडाव तलाव मधातून पाहाचा हाये.” आठवड्याभरात भाऊजींनी कुठूनशी दोन माणसांची जुनी फायबरची होडी आणली, ती दोरांनी गच्चीवर चढवली आणि तिला लाल पाटी टांगली. भाऊजींच्या पाट्या किती दिवस टिकतात ते मला ठाऊक होतं, आणि ताईचे डोळे किती दिवस टिकतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तलावातली मासेमारी गावच्या मच्छीमार संस्थेकडे. तिचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले, पोरगी गावची आहे, केव्हाही या, गळही टाका. भाऊजींनी लेखी मागितलं. अध्यक्षांनी वहीचं पान फाडून तिथल्या तिथे लिहून दिलं. त्यावर जावक क्रमांक नव्हता, म्हणून भाऊजींनी ते ग्राह्य धरलं नाही. मग कचेऱ्या सुरू झाल्या. एका ठिकाणी सांगितलं की मासे आमच्याकडे, पाणी नाही. दुसरीकडे म्हणाले, पाणी आमच्याकडे, होडी नाही. तिसऱ्या कचेरीतल्या बाईंनी चहा पाजून सांगितलं, की काका, वल्ह्याच्या एवढ्याशा होडीला कोण परवाना मागतो, खुशाल जा. दुसरा कुणी असता तर त्याने पेढे वाटले असते. भाऊजींनी ‘परवाना लागत नाही’ याचं प्रमाणपत्र मिळण्यासाठी अर्ज केला, आणि त्या अर्जाच्या मागे त्यांचं दीड वर्ष गेलं.

मधल्या काळात ते स्वस्थ बसले होते असं मात्र नाही. बासष्टाव्या वर्षी पोहण्याच्या वर्गात नाव घालून त्यांनी प्रमाणपत्र मिळवलं, आणि ते प्लास्टिकात मढवून देवघराशेजारी लावलं. माणसं दोन असताना तरंगण्याची जाकिटं चार आणली. त्यातलं एक घालून ताईला तासभर लसूण सोलायला बसवलं, दम लागतो का ते पाहायला. गच्चीवरच्या होडीत गव्हाची पोती ठेवून बूड तपासलं. गळ टाकण्याचा सरावही तिथूनच चाले. पहिल्याच दिवशी शेजारच्या वहिनींची वाळत घातलेली गोधडी गळाला लागली. भाऊजी खाली जाऊन माफी मागून आले आणि येताना तक्रार नसल्याचं लिहून घेऊन आले.

मला हसू येईनासं झालं होतं. दर खेपेला गेलो की मी आधी ताईकडे पाहायचो. दिवाळीत ती कप ठेवायला टेबलाची कड हाताने चाचपत होती. संक्रांतीला तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला आणि तिने काही झालंच नाही असं दाखवलं. होळीला तिने माझ्या बायकोला पुरणपोळी वाढली ती पानाबाहेर. त्या दिवशी मी भाऊजींवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच. काहून थांबून राहिले, म्हटलं, कागद येईपर्यंत तिले दिसणार काय हाये? भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

“मले भेव वाटते गा,” ते म्हणाले. “तिकडं माह्या सहीवर लोकं यंत्रात हात घालत. कोनाले खरचटलं नाही, कारन मी कधी ‘चाल, होते’ म्हनलं नाही. आता घरचंच मानूस हाये. तिच्यासाठी म्हनू?”

इतकी वर्षं मी ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो ती नुसती भीती होती, आणि ती त्यांनी एकट्यानं सांभाळली होती. ताई स्वयंपाकघरातून ऐकत असावी. ती भिंतीला हात लावत बाहेर आली आणि भाऊजींना परमिटचं पुस्तक आणायला सांगितलं. भाऊजी म्हणाले, देणारा अधिकारी कुठून आणू? ताई म्हणाली, “तलाव माह्या बापाच्या गावचा. देनारी मी, घेनारे तुम्ही. इतक्या वर्षांत तुमची पाटी मी कधी काढली का?”

भाऊजींनी रकाने भरले. काम: तलावात एक फेरी. माणसं: दोन. अवजारं: वल्ही दोन, जाकिटं चार, गळ एक. धोका: पाणी. ताईने खाली सही केली. सहीची शेवटची अक्षरं कागद ओलांडून टेबलावर गेली. भाऊजी त्या टेबलाकडे पाहत राहिले आणि मग उठून गच्चीवर गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात लाल पाटी होती.

चारच दिवसांनी होडी घेऊन आम्ही गावी गेलो. धोका दिसला तर वाजवायला मला शिट्टी देऊन काठावर नेमलं होतं. भाऊजींनी सावकाश वल्हवत होडी कमळांपर्यंत नेली, आणि तिथे ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. शेजारी उभे असलेले अध्यक्ष म्हणाले, याले वल्हवता येत नाही, मानूस पाठवू का? मी शिट्टी तोंडात धरली होती. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. ताई मान न हलवता समोर पाहत बसली होती, आणि भाऊजी होडी फिरवून एकेक गोष्ट तिच्या नजरेसमोर आणत होते. कमळं, देऊळ, बाभळी, बगळे, जुना घाट. शेवटी होडीचं तोंड माझ्याकडे आलं आणि ताईने हात वर केला. मी शिट्टी तोंडातून काढली आणि हात वर केला.

त्याला आता दोन वर्षं झाली. ताईची मधली नजरही धूसर झाली आहे. उजेड कळतो, माणसं आवाजावरून ओळखते. तरी महिन्यातून एकदा दोघं जातात. भाऊजी होडी तशीच फिरवतात आणि समोर काय आहे ते सांगत जातात. गळाला अजून एकही मासा लागलेला नाही. तिसऱ्या कचेरीतलं प्रमाणपत्रही मध्यंतरी येऊन पडलं, पण भाऊजींनी पाकीट फोडलेलं नाही. त्यांच्या खिशात असतं ते ताईचंच परमिट, घडीवर विरलेलं. त्याचा शेवटचा रकाना, ‘काम पूर्ण, परमिट परत’, कोरा आहे. चौतीस वर्षांत या माणसाने एकही परमिट काम उरकल्यावर उघडं ठेवलं नव्हतं.

परवा जेवताना ताईनेच विषय काढला. “एकाच फेरीचं लिहिलं होतं न? परमिट परत करा.”

भाऊजींनी खिशावर हात ठेवला. “काम चालू हाये वं,” म्हणाले, आणि तिच्या भाताच्या बरोबर मधोमध वरण वाढलं. ताई त्यांच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून हसली.