लहानूचा हुकमी प्रश्न

लहानू मेश्राम नंदनवनातून सायकलवर यायचा आणि धंतोलीतल्या धन्वंतरी सभेचं कुलूप उघडायचा. सभा म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांची विद्वत्सभा आणि लहानू तिचा शिपाई. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी एक डॉक्टर इंग्रजीत निबंध वाचायचा आणि बाकीचे झोपायचे. आता त्यांना तरी काय बोलता? दिवसभर दवाखाना, त्यात लहानूच्या बायकोनं, प्रेमिलानं, तळून पाठवलेले आलूबोंडे निबंधाआधीच पोटात. खुद्द धन्वंतरी आले असते तरी पेंगले असते!

पण निबंध संपल्यावर एकही प्रश्न आला नाही, की वाचणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. सभा काढणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टर गणपतरावांना ते बघवत नसे. शेवटी त्यांनी लहानूलाच एक प्रश्न पाठ करून दिला. दमा असो, मलेरिया असो की मुतखडा, मागच्या खुर्चीवरून लहानू उठायचा, "व्हॉट अबाउट चिल्ड्रन, सर?" वाचणारा खूश! दहा मिनिटं उत्तर द्यायचा, तोवर सभा जागी होऊन चहाला लागायची. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. आजारपणात गणपतरावांनी त्याचा हात धरून सांगितलं, "लहानू, प्रश्नाशिवाय कोणाला परत पाठवू नको रे." लहानूनं डोळे पुसत शब्द दिला.

गणपतराव गेले आणि विलायतेहून आलेले डॉक्टर रुपराव सेक्रेटरी झाले. हा माणूस इस्त्रीसकटच जन्मला असावा. ते कडाडले, "शिपायानं प्रश्न विचारायचा? पुन्हा तोंड उघडलंस तर कायमचा घरी बस!"

"तुमाले काय करा लागते जी?" प्रेमिला म्हणाली. "बोंडे वाटा न् चूप बसा."

लहानू चूप बसला. पण चौऱ्याहत्तर साली सभेची पंचविशी आली आणि मुंबईचे एक बडे सर्जन निबंध वाचायला आले. विषय होता, म्हाताऱ्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी. दीड तास! अध्यक्ष चंपतराव पहिल्याच रांगेत घोरत होते.

"एनी क्वेश्चन्स?"

कोणी हूं की चूं नाही. पाहुण्यांनी चष्मा पुसला, पुन्हा विचारलं. मग बिचारे मान खाली घालून कागद गोळा करू लागले. लहानूला भिंतीवरच्या गणपतरावांच्या फोटोकडे बघवेना. इकडे नोकरी, तिकडे शब्द. जाऊ दे खड्ड्यात ती नोकरी, म्हणत तो उठला.

"व्हॉट अबाउट चिल्ड्रन, सर?"

पाहुणे आ वासून बघत राहिले.

चंपतराव दचकून जागे झाले आणि सवयीनं म्हणाले, "व्हेरी गुड क्वेश्चन!"

झालं! पाहुणे हसत हसत खालीच बसले. सगळी सभा जागी होऊन पोट धरून हसू लागली. हसू ओसरलं तसं चंपतरावांनी हळूच विचारलं, "माझ्या एका मित्राला रात्री चारदा उठावं लागतं, त्याचं काय?" तसले मित्र आणखी सहा जणांना निघाले. चर्चा अशी रंगली की चहा थंड होऊन गेला. पाहुणे जाताना लहानूचा हात हातात घेऊन गेले.

हॉल रिकामा झाल्यावर लहानूनं चाब्यांचा जुडगा रुपरावांपुढं धरला. "घ्या साहेब. जातो मी."

रुपरावांनी जुडगा घेतला नाही. इकडेतिकडे बघून ते जवळ सरकले. "लहानू, पुढल्या महिन्यात माझा निबंध आहे."

"बरं."

"विचारशील ना गा?"

"विषय कोनता हाय साहेब?"

"लहान मुलांचा गोवर."

लहानूनं क्षणभर विचार केला आणि चाब्या परत खिशात टाकल्या.

"मंग व्हॉट अबाउट म्हातारे, असं इचारतो."