शिट्टीची नक्कल

बाजारात त्याला कानसेन म्हणायचे. कुणी कौतुकानं म्हणायचं, कुणी चिडवायला, पण त्यानं ते नाव दोन्ही हातांनी घेतलं आणि जन्मभर मिरवलं. जिन्याखालच्या त्याच्या दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक मावायचं. त्यानं वॉकमन पुढे करून "जरा आवाज..." एवढं म्हणायच्या आत कानसेन हात वर करायचा. "बोलू नका. लावा." मग डोळे मिटून ऐकायचा आणि फैसला द्यायचा. रोलर कडक झालाय, नाहीतर हेड तिरकं बसलंय, नाहीतर बेल्ट गेलाय. बहुतेक वेळा खरं निघायचं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

जुने वॉकमन उघडणारे आता राहिलेत किती! लोक लांबून शोधत यायचे. माळ्यावर सापडलेला वॉकमन, आतला बेल्ट डांबरासारखा वितळून चाकांना चिकटलेला, सेल फुटून पत्र्या हिरव्या पडलेल्या. कानसेन कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तासन्‌तास ते डांबर पुसत बसायचा. बायको म्हणायची, "अहो, घरातला पंखा एकदा असा पुसा की!" तो म्हणायचा, "पंखा गातो का?" पंखा तसाच काळा राहायचा.

सगळं जोडून झालं की शेवटी वेग लावायचा. मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत एक स्क्रू. तो केसभर फिरवला की टेप पळायला लागते नाहीतर रेंगाळते, आणि तेवढ्यानं बाईचा आवाज लहान पोरीचा होतो किंवा बुवाचा. वेग लावायला त्याच्याकडे शिट्टीची कॅसेट होती. तिच्यात गाणं नाही, बोलणं नाही, नुसती एकसुरी शिट्टी. ती लावायची, सूर आकड्यात दाखवणारं मीटर जोडायचं, आकडा तीन हजारावर आला की हात काढायचा. ही कॅसेट त्याला उस्तादानं दिलेली, म्हणजे ज्यानं त्याला हे काम शिकवलं त्यानं. ती रोज वापरून झिजेल म्हणून कानसेननं काही वर्षांपूर्वी तिची नक्कल करून घेतली आणि मूळ कॅसेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर टाकली. तेव्हापासून सगळं काम नकलेवर.

आता त्याच्या ताईकडे येऊ, कारण ही गोष्ट खरी तिची आहे.

ताई त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. घरी मुलींना गाणं शिकवायची. पुढच्या खोलीत सतरंजी, पेटी, आणि रोज संध्याकाळी दारात चपलांचा ढीग. गाऊन नाव काढणारी नव्हती ती, पण सुराला पक्की. कुणी दारावरची बेल वाजवली तरी सांगायची, ही पेटीवरची काळी दोन. तिच्या साठाव्या वाढदिवसाला कानसेननं तिचा जुना वॉकमन गुपचूप नेऊन दुरुस्त केला आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवला. आत तिचीच कॅसेट, ऐन पंचविशीत गायलेली. घरातले सगळे गोळा झाले, भावोजींनी छोटा स्पीकर जोडला, आणि ताईचा तरुण आवाज खोलीत घुमला.

ताईच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"अरे, हे काळी चारमध्ये आहे. मी पांढरी पाचमध्ये गायले होते, अर्धा सूर खाली. आणि इतकी घाईत मी कधी गात नव्हते."

"ताई, पस्तीस वर्षं झाली. तुला काय आठवतंय?"

ती उठली, पेटी ओढली, एक पट्टी दाबली. "बघ. काळी चार."

आता इथे कानसेननं गप्प बसायला काय हरकत होती! पण खोलीत वीस माणसं, आणि त्याच्या कामावर बोट ठेवलं गेलेलं. तो म्हणाला, "तुझी पेटी तुझ्याच वयाची. तीही उतरली, तूही उतरलीस. वयानं कान उतरतात ताई, मीटर नाही उतरत." सगळे खो खो हसले. भाचे हसले, भावोजी हसले. ताईसुद्धा हसली, जराशी, आणि पेटी बंद करून बाजूला सारली.

महिन्याभरात तिनं शिकवणं बंद केलं. कुणी विचारलं तर सरळ सांगायची, "माझे कान गेलेत. ज्याचे कान गेले त्यानं दुसऱ्याच्या लेकरांना सूर शिकवू नये." कानसेनला कळलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून. माणूस किती खालच्या पातळीला जातो बघा, सख्ख्या बहिणीच्या बाबतीत!

तीन वर्षं गेली. मग एका दुपारी एक दाढीवाला गिऱ्हाईक म्हणून आला. जुने वॉकमन जमवायचा नाद होता त्याला. त्यानं टेबलावर तीन वॉकमन ओळीनं मांडले.

"काका, हे दोन तुम्ही दुरुस्त केलेले. दोन्ही पळतात, आणि दोन्ही अगदी सारखेच पळतात. हा तिसरा तुमच्याकडे कधी आलाच नाही. हा बरोबर चालतो."

कानसेनचा पारा चढला. "तिसराच रेंगाळत असेल! तुम्ही मला वेग शिकवणार? थांबा, आज दाखवतोच." नकलेवर या माणसाचा विश्वास बसायचा नाही म्हणून तो स्टुलावर चढला, फळीवरची उस्तादाची मूळ कॅसेट काढली, प्लॅस्टिक फाडलं, पहिल्या वॉकमनमध्ये घातली आणि मीटर दाढीवाल्याकडे वळवलं.

आकडा तीन हजारावर थांबला नाही. पार एकतीसशेच्याही पुढे जाऊन बसला.

दुसऱ्यात घातली. तेच. तिसऱ्यात घातली, जो त्याच्याकडे कधी आलाच नव्हता. तीन हजार.

दाढीवाला भला माणूस. म्हणाला, "होतं असं कधी कधी, काका." तेच जास्त लागलं. कानसेनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. त्याला लख्ख आठवलं. नक्कल भरली तो कॅसेट-डेक कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला होता. बेल्ट नवा घातलेला, वेग लावायचा बाकी होता, आणि मालक दारात उभा राहून घाई करत होता. म्हणून आधी नक्कल उरकून घेतली होती. डेक पळत होता, आणि पळत्या टेपवर भरलेला सूर बरोबर वेगावर लावला की उतरतो, म्हणून नकलेतली शिट्टीच उतरलेली होती, आणि मीटरचा आकडा जमवायला कानसेन प्रत्येक वॉकमन तेवढाच पळवत होता. उस्तादानं बजावलं होतं, नक्कल केलीस तर मुळाशी ताडून बघ. पाच मिनिटांचं काम. पण तो पडला कानसेन! त्याला कशाला ताडून बघायला हवं?

दुकानातून किती वॉकमन असे पळते गेले असतील, हा विचार त्याच्या मनात आलाच. पण तो मागून आला. आधी आली ती सतरंजीवर बसलेली ताई, पेटी बाजूला सारणारी.

चार दिवस तो घरी धड जेवला नाही. बायकोनं विचारलं, "अहो, कुणाशी भांडलात का?" तो म्हणाला, "नाही." सांगायला तोंड उघडायचा आणि पाणी मागायचा. पाचव्या दिवशी ताईकडे गेला, तिचा वॉकमन मागून घेतला, तिथेच तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मूळ शिट्टीवर वेग लावला, आणि तिची कॅसेट घालून, छोटा स्पीकर जोडून बटण दाबलं.

ताई ओट्यापाशी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. पिठाच्या हातानंच ती बाहेरच्या खोलीत गेली, पेटीवरचं कापड काढलं, एक पट्टी दाबली, दाबून ठेवली. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले.

"पांढरी पाच," ती म्हणाली. "अगं बाई! पांढरी पाचच आहे की!" हसत हसत ती मटकन खाली बसली. "म्हणजे यंत्रच बिघडलं होतं म्हण. आणि मी उगाच... बरं झालं बाबा, तू शोधून काढलंस. तू म्हणून हे सापडलं. दुसऱ्या कुणाला कळलं असतं?"

आयता रस्ता समोर होता. यंत्र बिघडलं होतं, त्यानं दुरुस्त केलं, झालं गेलं. कानसेननं मान हलवलीसुद्धा. हो म्हणाला! ताईनं त्याला चहा दिला, बशीत बिस्किटं दिली, आणि भावोजींना फोन लावला. "अहो, ऐकलंत का? माझे कान ठीक आहेत! माझ्या भावानं शोधलं."

त्यानं हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. ताईनं फोन ठेवला तसा तो म्हणाला, "ताई, यंत्र बिघडलं नव्हतं. मी बिघडवलं होतं." आणि सगळं सांगितलं, डेक, घाई, नक्कल, दाढीवाला, फळीवरची कॅसेट. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. तिथे पिठाचे ठिपके पडले होते, ताईच्या हातातून सांडलेले.

ताईनं वॉकमन बंद केला. मग म्हणाली, "मी तेव्हा सांगितलं होतं तुला. पेटी लावून दाखवलं होतं."

"हो."

"तुला दाढीवाल्यानं सांगितलेलं पटलं. कॅसेटनं सांगितलेलं पटलं. मी लहानपणी तुझ्या मांडीवर थाप मारून तुला ताल शिकवला रे. मी सांगितलेलं तेवढं नाही पटलं."

 त्याला रडू आलं, आणि रडायचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिचा होता आणि ती रडत नव्हती.

"चार लोकांत हसला होतास मला," ताई म्हणाली. "आता चार लोकांत सांग. आणि ज्या मुली सुटल्या त्यांच्या घरीही सांग. मी नाही सांगणार. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी स्वतःची बाजू मांडतेय." तिनं आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. "हिच्यापासून सुरू कर. हिची मुलगी माझ्याकडे सर्वांत चांगली गायची."

त्यानं नंबर लावला. पलीकडे मुलीची आई होती. त्यानं आपण कोण ते सांगितलं, आणि एका दमात बोलून टाकलं. बाईंचे कान चांगले होते, आहेत, चूक माझी होती, मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं. बोलताना कान तापले होते. 

"असं होय," आई म्हणाली. "बाईंना सांगा, ऐकून बरं वाटलं. पण आता मुलगी गात नाही हो. बाईंनीच तिला सांगितलं होतं, मी शिकवलेलं बेसूर असणार, ते विसर आणि दुसरीकडे नव्यानं शीक. तिनं विसरायचं तेवढं ऐकलं. पुन्हा कुठे गेलीच नाही."

कानसेननं फोन ठेवला. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणाली?"

पुन्हा एक आयता रस्ता होता. आनंद झाला म्हणाली, पाठवते म्हणाली, एवढं म्हटलं असतं तर निदान आजचा दिवस गेला असता. त्यानं आई जे बोलली ते शब्द न बदलता सांगितलं, "विसरायचं तेवढं ऐकलं" इथपर्यंत.

ताईनं डोळे मिटले. मनगटावर राहिलेलं पीठ वाळून पांढरं झालं होतं, ते ती अंगठ्यानं खरवडत राहिली. मग तिनं डोळे उघडले.

"पुढचा नंबर लाव," ती म्हणाली.