मेफेअरचा एरिया

माझ्या थोरल्या जाऊबाई लंडनहून ऑकलंडला राहायला आल्या तेव्हा त्यांनी सोबत चार बॅगा आणि अख्खं मेफेअर आणलं. बॅगा बॉटनी डाउन्सच्या भाड्याच्या घरात आठवड्याभरात रिकाम्या झाल्या. मेफेअर काही संपेना.

मेफेअर म्हणजे लंडनच्या मधोमध असलेली जुनी, गर्भश्रीमंत वस्ती. उंच घरं, काळ्या लोखंडी गजांची कुंपणं, वकिलाती, उमरावांचे शिंपी. आमच्या ऑकलंडच्या मराठी मंडळींपैकी कुणीही ती पाहिली नव्हती, त्यामुळे वहिनी सांगतील ते सगळ्यांना लगेच पटायचं. भावजी तिथं काय करायचे? "हे प्रॉपर्टीत होते," वहिनी सांगायच्या. एवढं ऐकल्यावर पुढचं विचारायची कुणाची छाती होणार?

मी ऑकलंडपासून दीड तासावर हॅमिल्टनला राहायचे, 'ते रापा' नावाच्या उपनगराच्या अलीकडे. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, नवरा दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं ती. आम्हाला चार बेडरूमचं घर घेऊन सहा वर्षं झाली होती, तरी येईल त्याला ते दाखवत सुटायचो. वहिनी पहिल्यांदा आल्या, घरभर एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "छान आहे गं. अगदी फार्मवर आल्यासारखं वाटतं." आमच्या शेजारी फार्म नव्हतं. टायरचं दुकान होतं.

मग हे नेहमीचंच झालं. सुपरमार्केटमध्ये एखादा गोरा अनवाणी दिसला की वहिनी डोळे मिटून घ्यायच्या. "मेफेअरमध्ये माणसाला चेहऱ्यानं ओळखावंच लागत नाही. बुटांवरून कळतं कोण चाललंय ते." माझ्या दाराची मूठ धरली की बोटं पुसायच्या. "तिथं पितळ रोज घासतात. ओलं फडकं नाही हं लावायचं, डाग पडतात." दुकानातली पोरगी 'ठीक आहे'च्या ऐवजी इथल्या बोलीत 'स्वीट ॲज' म्हणाली तर कपाळाला आठी. बर्फ पडल्यावर दगडी पायऱ्यांवर काय टाकायचं, संगमरवरावरचा वाइनचा डाग कशानं जातो, झुंबर कसं उतरवतात, सगळं त्यांना तोंडपाठ. राजवाड्यात राहणाऱ्या बाईला हे ज्ञान आलं कुठून, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मला त्यांचा राग येत होता, आणि रागात मी ऐकत नाही, फक्त उत्तरं जुळवत बसते.

त्याच वर्षी सासूबाई पहिल्यांदा न्यूझीलंडला आल्या. सहा महिन्यांसाठी, थोडं आमच्याकडे, थोडं थोरल्याकडे. पुण्याच्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की यांचा मोठा मेफेअरला आहे. त्या मेफेअरचं बोलावणं मात्र आठ वर्षांत एकदाही आलं नव्हतं. कधी घरात रंगकाम, कधी पाहुणे, कधी पुढच्या वर्षी नक्की. हौसेनं काढलेल्या पासपोर्टवर पहिला शिक्का पडला तो ऑकलंडचा.

एकदा माझ्याकडे मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या घरात मी शोभले नसते, खरंय ते. गुडघे धरून चालणारी म्हातारी. पण एकदा मला नीट कळू दे गं, की पोराला आई नकोशी झाली होती का. कळलं की मी तो विषय सोडला."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, अर्थात वहिनींचा. आमचं तसं नव्हतं. आम्ही सहा वर्षं दर दिवाळीला फोनवर म्हणायचो की आई, या एकदा. तिकीट मात्र काढलं नव्हतं; हॅमिल्टनची थंडी, ते धुकं, त्यांच्या गुडघ्यांना सोसलं नसतं. शिवाय चौथ्या खोलीत ट्रेडमिल होती.

एप्रिलच्या शेवटी, इकडे पानगळ होऊन थंडी सुरू होते तेव्हा, एका शनिवारी भावजी आणि वहिनी हॅमिल्टनला आले. आमचं घर रस्त्याच्या पातळीपेक्षा जरा खाली, त्यामुळे शेजाऱ्यांच्या झाडाचा सगळा पाला आमच्या दारात येऊन बसायचा. कुणी न सांगता वहिनींनी झाडू उचलला आणि कोपरे धरून, भिंतीकडून बाहेर, असा काही सफाईनं हात चालवला की मी बघतच राहिले. "मेफेअरला सकाळी सातच्या आत एरिया झाडून व्हावा लागायचा," त्या आपल्याच नादात म्हणाल्या, "नाहीतर मालकीणबाई..." आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे शिस्तच होती तशी तिथं."

ते गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अख्खा एरिया? वॉर्डच दिला होता की काय यांना झाडायला?" आम्ही पोट धरधरून हसलो. आपल्याकडे एरिया म्हणजे एरिया. चांगला एरिया, भिकार एरिया, कुठल्या एरियात राहता. तो झाडता येतो हे आम्हाला नवीन होतं.

सोमवारी दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आमचे एक म्हातारे इंग्रज गिऱ्हाईक आले. जन्म लंडनचा. मी सहज त्यांना हा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. काउंटरवर दोन्ही हातांनी त्यांनी मला घर काढून दाखवलं: हा रस्ता, हे लोखंडी कुंपण, आणि कुंपण आणि घर यांच्यामध्ये हा खोल चौकोनी खड्डा. त्यात उतरायला पायऱ्या. खाली तळघराचं दार, नोकरमाणसांचं. त्या खड्ड्याला तिकडे एरिया म्हणतात. तळघरातल्या खिडकीतून वर बघितलं तर रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसतात.

मला इतका आनंद झाला की गोळ्या दिल्यावर मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. दोन आठवडे एकटीनं चघळलं. मे महिन्यात वहिनींनी बॉटनीला सासूबाईंसाठी जेवण ठेवलं, मंडळातली दोन कुटुंबंही बोलावली. कोथिंबीरवड्या झाल्या, आमटीभात झाला, आणि ठरल्याप्रमाणे मेफेअर वाढायला आलं. तिथले चौक, तिथली झाडं, चौकातल्या बागेची किल्ली फक्त रहिवाशांकडे असते ती. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मी आवाजात साखर घालून विचारलं, "वहिनी, तुमच्या एरियाला पायऱ्या किती होत्या हो?"

पाहुण्यांना काहीच कळलं नाही. भावजींनी चमचा खाली ठेवला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं होतं तशी त्यांची मान खाली गेली नाही.

"अकरा," त्या म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळल्या. "आई, आम्ही तळघरात राहायचो. एक खोली. हे त्या घराचे केअरटेकर होते आणि मी साफसफाई करायचे. तिसरं माणूस राहता कामा नये, अशी मालकांची अट होती."

"मग सांगायचंस की," सासूबाई म्हणाल्या.

"कसं सांगणार? पहिल्याच महिन्यात तुम्ही सोसायटीभर मेफेअर सांगून बसला होतात."

 सासूबाईंनी उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हातानं वहिनींचा गाल धरला. "जागा नव्हती होय!" त्या म्हणाल्या. "अगं बाई, जागाच नव्हती! आणि मी आठ वर्षं समजत होते की मीच नको होते." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भावजी उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाहुणे ताटात बघत होते. मला माझ्या साखरेच्या आवाजाची लाज वाटली. तिथंच संपलं असतं तर मी तेवढ्यावर सुटले असते.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. हिशेब जुळत आलाय आणि एक आकडा राहिलाय, तसं त्यांनी विचारलं, "आणि तुमच्याकडे गं? खोल्या किती आहेत?"

त्यांना माहीत होत्या. महिनाभर त्या चौथीत झोपल्या होत्या, ट्रेडमिलला लागून.

"चार," मी म्हणाले. थंडीचं वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं. पण बाहेर मे महिन्याचा गारठा होता, हीटर बंद होता, आणि त्या सुती साडीवर एक शाल घेऊन खुशाल बसल्या होत्या.

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा वहिनींकडे वळल्या.

"अकराच ना?" त्या म्हणाल्या. "उतरले असते गं मी."