पाणी आटलं, असं मी कधी म्हटलं?

फजितीचा किस्सा सांगतो, पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मला इलेक्ट्रॉनिक्स येतं. चंद्रपुरात माझं दुकान आहे. इन्व्हर्टरपासून मोटारीच्या स्टार्टरपर्यंत कोणताही बोर्ड आणा, मी बरा करून देतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मानणार नाही.

माझी सासुरवाडी कोरपन्याकडे. गावची पाण्याची टाकी टेकडीवर. पाणी किती उरलं ते बघायला रोज कोणीतरी वर चढायचं. सरपंच इंदूबाई एकदा मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमी एवढे हुशार. खालूनच दिसन असं काई करा ना."

सासुरवाडीत कोणी हुशार म्हटलं की माणूस नाही म्हणतो का? मीही नाही म्हणालो नाही.

योजना सोपी होती. टाकीवर एक डबी, डबीत दोन चिपा. मोठी चिप पाणी मोजणार आणि तारेवरून, एकामागून एक अक्षर, धाकट्या वायफायच्या चिपला सांगणार. धाकटी ते हवेतून चौकातल्या लाल दिव्यांच्या पाटीवर पोचवणार. पाटीला फक्त इंग्रजी अक्षरं यायची. त्यानं काय बिघडतं? मोबाइलवर आपण सगळे मराठी तशीच तर लिहितो.

आदल्या दिवशी घरी जोडून पाहिलं, झक्कास चाललं. सकाळी इंदूबाई गाव गोळा करून चौकात उभ्या. माझा साळा मंगेश पाटीजवळ. मी टेकडीवर, मांडीवर लॅपटॉप, आणि तपासणीसाठी मोठ्या चिपच्या जागी त्याचीच तार धाकटीला जोडलेली.

आता या वायफायच्या चिपची एक रीत असते. तिला आधी 'ए' आणि 'टी' ही दोन अक्षरं पाठवायची. म्हणजे, "बाई, आहेस का?" ती 'ओके' म्हणते, मग पुढचं बोलायचं. मी पाठवलं, ए टी. उत्तर नाही. पुन्हा ए टी. गप्प. दोन्ही चिपांचा अक्षरं पाठवायचा वेग एकच लागतो, तो तपासला. बरोबर होता. तारा हलवून पाहिल्या. घट्ट होत्या. ए टी, ए टी, ए टी.

दोष चिपचाच, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. कामात व्यत्यय नको म्हणून फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत टाकला होता.

शेवटी डोकं तापलं आणि मी सरळ टाइप केलं, 'बोल ना बाई'. चिपला मराठी कळत नाही, हे मला माहीत आहे हो. पण बंद पडलेल्या गाडीशी तुम्ही बोलत नाही का? वर आणखी लिहिलं, 'काऊन गप्प बसली'.

तेवढ्यात टाकीच्या पाइपातून पाण्याचा मोठा आवाज यायला लागला. झाकण उघडून पाहिलं, तर पाणी भराभर खाली चाललेलं. भरदिवसा एवढं पाणी कोण वापरून राह्यलं, मला कळेना.

धापा टाकत मंगेश वर आला. "भाऊजी, फोन काऊन नाई उचलून राह्यले? बंद करा ते पयले."

"अरे, चालूच नाही झालं, तर बंद काय करू?"

"चालू नाई? पाटीवर ठळक येऊन राह्यलं, आट, आट, आट. लोकाईले वाटलं, टाकीतलं पाणी आटलं. साऱ्या बाया गुंड-घागरी-बादल्या घेऊन नळावर धावल्या."

ए टी. आट. इतकी वर्षं ती अक्षरं पाठवतो आहे, पण मराठीत ती कधी वाचलीच नव्हती.

"आन् मंग तुमी इंदूबाईले म्हणता, बोल ना बाई, काऊन गप्प बसली."

"मी इंदूबाईंना कुठे म्हणालो?"

"पाटीवर आलं ना. लोक म्हणते, बराबर हाये, बोला सरपंचबाई. त्या ओट्यावर चढून भाषण देऊन राह्यल्या, पाणी काऊन आटलं त्याच्यावर."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आदल्या दिवशी मीच त्या चिपला हुकूम दिला होता, की आता जे ऐकशील ते मधे न बोलता थेट पाटीवर पोचव, आणि लाइट गेली तरी हे विसरू नको. ती विसरली नव्हती. मी विसरलो होतो. ती मुकी नव्हती, माझा शब्द न् शब्द इमानदारीनं चौकात पोचवत होती.

लॅपटॉप काढला आणि मोठ्या चिपला बोलू दिलं. पाटीवर पहिला खराखुरा निरोप उमटला, 'टाकी रिकामी'. तोवर ती खरंच रिकामी झाली होती.

मान खाली घालून चौकात आलो. इंदूबाईंचा घसा बसला होता. म्हणाल्या, "मशीन बराबर हाये, जावईबापू. पाणी सपलं, हे खरंच सांगते. फक्त आधी सपवून घेते."

दुपारी जेवायला बसलो. हात धुवायला सासूबाईंनी अर्धा तांब्या पाणी पुढे केलं. म्हणाल्या, "एवढ्यातच भागवा. घरात पाणी नाई."

"कसं नाही? साऱ्या गावानं तर भरून ठेवलं ना?"

"गावानं भरलं, मी नाई भरलं," सासूबाई शांतपणे भात वाढत म्हणाल्या. "पाटी तुमी बसवली ना? मंग मी म्हटलं, पाणी आटलं म्हणते म्हणजे टाकी भरलीच असन."