कर्ण्यावरची हरवलेली बाई

माझा नवरा सगुण सर्वण गावचा. लग्नाबारशाला लाउडस्पीकरचे कर्णे बांधून द्यायचे हा त्याचा धंदा. पण जत्रेत कुणाचं माणूस हरवलं की त्याचं खरं मोल कळायचं. दुसरे लोक नाव, वय, कपडे सांगून मोकळे होत. हा मात्र हरवलेल्या पोराने सकाळी कशासाठी हट्ट धरला, तिथपासून सुरुवात करी. आधी मराठीत, रंगात आला की कोकणीत. एका वर्षी गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी यावरून डिचोलीच्या बाजारात माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती, पण याचं ऐकायला दोन्ही पक्ष थांबत. घरी मात्र आमटीत मीठ आहे का विचारलं तर नुसती मान हलवी.

त्याच वर्षी नार्वेच्या अष्टमीच्या जत्रेत माझ्याकडून सासू हरवली. खोटं कशाला बोलू, मी बांगड्यांचा भाव करत होते. तिला, यशोदामांयला, वर्षभर काही आठवत नव्हतं; स्वतःचं नावही कधी सांगे, कधी नाही. आणि घाटाखाली श्रावणातली तुडुंब नदी! मी आधी घाटाकडे धावले, मग सगुणकडे.

सगुण मला न रागावता कर्ण्याकडे वळला. त्याने कर्ण्यावरून सांगितलं, सत्तरीची बाई, हिरवं लुगडं, ठेंगणी, कपाळावर गोंदण. अर्ध्या तासात लोकांनी तीन म्हाताऱ्या आणून उभ्या केल्या. तिघी हिरव्या लुगड्यातल्या, तिघी ठेंगण्या. आमची त्यात नव्हती.

मग त्याने डोळे मिटले आणि गोष्टच सुरू केली.

"ऐका मंडळी. एका बाईचा घोव खाणीवर गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्यांची शेतं लावून तिने चार पोरं वाढवली. पेज वाढताना म्हणायची, माझं पोट भरलंय. आणि आम्ही गाढवं ते खरं मानायचो." इथे तो कोकणीत शिरला. "आतां ती सगळें विसरली. पूण कोण उपाशी दिसलो जाल्यार तिका अजून कळटा. आज एका म्हातारेन तुमकां 'जेवलां मगो?' म्हण विचारलां काय?"

जेवलात ना असं आपल्याला कुणी विचारलं का, हे माणसं एकमेकांना विचारू लागली. मला तर तोंड लपवायला जागा हवी होती.

तेवढ्यात खाजे-मिठाईवाल्यांच्या रांगेतून पाचसहा बायका लगबगीने आल्या आणि त्यांच्या पुढे माझी सासू! पदराने डोळे पुसत ती मागच्यांना दटावत होती, "चला गो बेगीन! बसून कितें रावल्यात? ती बिचारी खंय तरी उपाशी आसतली!"

गोष्ट ऐकून ती त्या बाईला शोधायला निघाली होती. सगुणपुढे येऊन तिने हातातली, त्या बाईसाठी राखून ठेवलेली खाज्याची पुडी दाखवली. "हें तिका दवरलां. मेळ्ळी रे ती?"

सगुण तिच्यापुढे वाकला. कसाबसा म्हणाला, "मेळ्ळी, मांय."

"देव पावलो," ती सुस्कारा सोडून म्हणाली. "तिच्या घरच्यांक सांग, आतां तिचो हात सोडूं नाकात."

कर्णा चालूच होता. सगळ्या जत्रेने ते ऐकलं, आणि मी तिचा हात धरला तो सर्वण येईपर्यंत सोडला नाही.