माझी मान हलली, ती छापून आली

ये, अशी जवळ सरक. वकिलीची पुस्तकं वाचायला गेलीस, नि वर्षभर आजीकडे फिरकली नाहीस. शोभतं का तुला? त्या पुस्तकांत अपील शिकवतात ना, ते मी सांगते, ऐक.

नाचणगावच्या आमच्या शेताची बैलगाडी भासऱ्यांच्या शेताच्या धुऱ्यावरून, त्या बांधावरून जायची. भासरे म्हणजे तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ. एका वर्षी त्यांनी तिथं काट्या टाकल्या. वाट गेली की कापूस डोक्यावर वाहायचा, म्हणून आम्ही वर्ध्याला दावा लावला. तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीनं जात, नि दुपारी भासरे माझ्याच हातची भाकर खात.

मला साक्षीला उभं केलं. समोर भासरे बसलेले. त्यांच्यापुढं मी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "या वाटेनं किती वर्षं जाता?" मी पदर ओढला, मान हलवली. कशी हलली, देव जाणे. कारकुनानं लिहिलं, 'साक्षीदारास माहीत नाही.'

दावा गेला. परतताना भासरे तुझ्या आजोबांना म्हणाले, "तुह्या घरची लय मर्यादेची आहे गा."

अपील केलं. मी महिनाभर म्हशीपुढं बोलायचा सराव केला. गेले, तर आमचे वकील म्हणतात, "बाई, इथं साक्ष नाई होत. खाली जे लिहिलं, तेच वरचे साहेब वाचते."

"मंग वाट कोण पाहते?"

"कोणी नाई पाहत."

तिथंही हरलो. त्याहून वरच्या कोर्टात तर वाट होती का, हा प्रश्नच नव्हता. खालच्यांनी कायदा नीट लावला का, एवढंच. भासऱ्यांच्या वकिलानं जुनी नजीर, आधीचा कुठलासा निकाल, वाचली. कुठल्याशा मुलखात कोणी विहिरीची वाट हरला होता, म्हणून आम्हीही हरावं. हरलो.

मग आमचाच निकाल पुस्तकात छापला. घरच्या बाईलाच वाट माहीत नाही, तर वहिवाट कसली, असं काहीसं. दोन वर्षांनी एक अनोळखी माणूस दारात आला. "बाई, तुमच्या मान हलवण्यानं माही वाट गेली," म्हणाला. मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार? भासऱ्यांपुढं नाही बोलले, पण त्याच्यापुढं तासभर बोलले. तेवढं कोणी लिहून घेतलं नाही.

तुझ्या पुस्तकात असेल तो निकाल. सापडला तर घेऊन येजो, मला वाचून दाखव. फार दिवस लावू नको. आता मी शेतावरच राहायला जाते आहे. धुऱ्याकडून मात्र येऊ नको, नाल्यावरून फेरा घालून ये. काट्या अजून तशाच आहेत.